जुन्या इंजिनाचा जीर्णोद्धार

आजचें शीर्षक वाचून आमच्या कांहीं वाचकांस अशी शंका येईल कीं, जन्मभर संस्कृत शिकवून निवृत्त झालेला हा मास्तर म्हातारपणीं रेल्वेच्या कारखान्यांत नोकरीस लागला कीं काय! शंका अगदींच निराधार नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत तीन महिने आम्हीं खरोखरच इंजिनें उघडलीं, पुसलीं आणि पुनः जोडलीं. मात्र तीं इंजिनें वीतभरहि लांब नव्हतीं, आणि आमचा कारखाना म्हणजे इंग्लंडांतील न्यूकॅसल शहरीं आमच्या कन्येच्या शेजारीं राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांची मोटार ठेवण्याची खोली होती. या खटाटोपांत आमच्या हातून एक प्रमाद घडला. तो सांगितल्यावांचून आमच्या मनास स्वस्थता नाहीं, म्हणून हा महिना त्यासच दिला आहे.

कन्या व जांवई सकाळीं कामावर गेलीं म्हणजे घरांत आम्ही उभयतां आणि आठ वर्षांचा नातू एवढींच उरत असूं. शाळेस सुट्टी होती. शेजारच्या खोलींतून किर्र किर्र असा आवाज येई, आणि त्या आवाजामागें नातू रोज नाहींसा होई. एके दिवशीं त्यास शोधण्यास म्हणून आम्ही गेलों आणि दारांतच थबकलों. चार टेबलें एकास एक जोडून त्यांवर एक संपूर्ण कोळशाची खाण वसविली होती. पाळणा वर-खालीं नेणाऱ्या चाकांचा उंच मनोरा, कोळसा चाळण्याची इमारत, मजुरांच्या विटांच्या घरांची रांग, आणि या सर्वांमधून वळणें घेत जाणारे रूळ. रुळांवर इवल्याशा वाघिणी उभ्या होत्या, आणि त्यांत खऱ्याच कोळशाचा चुरा भरलेला होता.

त्या गृहस्थांचें वय पंचाहत्तर. न्यूकॅसलच्या उत्तरेस ॲशिंग्टन म्हणून गांव आहे, तेथील खाणींत ते सोळाव्या वर्षीं लागले. पहिलीं दहा वर्षें भूमीच्या पोटांत ड्रिल धरण्यांत गेलीं, आणि पुढें १९७६ पासून खाण बंद होईपर्यंत, म्हणजे १९८८ पर्यंत, वर डिझेल इंजिन चालविण्यांत. बरोबर एक तप. आम्ही शिक्षक होतों हें कळल्यापासून ते आम्हांस मास्तर म्हणूं लागले. आमचें इंग्रजी मॅट्रिकचें आणि त्यांचें नॉर्थंबरलंडचें. तेव्हां दुभाष्याचें काम नातवाकडे आलें.

कोळसा आणि आगगाडी यांचें नातें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें. आपण समजतों कीं, आगगाडी उतारूंसाठीं जन्मली. वस्तुतः तिचें माहेर कोळशाची खाण होय. जॉर्ज स्टीफन्सन १७८१ सालीं या न्यूकॅसलजवळच्या वायलम गांवीं जन्मला, आणि आपलें पहिलें इंजिन त्यानें १८१४ सालीं किलिंगवर्थच्या खाणींत कोळसा ओढण्यासाठीं केलें. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली आपली गाडी त्याच घराण्यांतली.

आमच्या शेजाऱ्यांच्या इंजिनाची कथा तर निवृत्त माणसानें लक्ष देऊन ऐकावी अशी आहे. १९६४ व १९६५ या सालीं स्विंडनच्या कारखान्यांत ६५० अश्वशक्तीचीं ५६ इंजिनें बांधलीं गेलीं. मधोमध चालकाची खोली, दोन्ही अंगांस लांब बोनेट, टोकांस काळे-पिवळे पट्टे. जवळपासच्या लहान मालगाड्या ओढाव्यात हा हेतु. परंतु इंजिनें तयार होतात तों तें कामच मोटारलाऱ्यांनीं पळविलें. पांच वर्षांच्या आंत ब्रिटिश रेल्वेनें तीं सारीं टाकून दिलीं. तेव्हां राष्ट्रीय कोळसा मंडळानें आणि पोलादाच्या कारखान्यांनीं त्यांतलीं पुष्कळ विकत घेतलीं. जें रेल्वेस नकोसें झालें तें खाणींत पुढें अनेक वर्षें राबलें! मग १९८४ च्या मार्चपासून वर्षभर चाललेला संप झाला, एकामागून एक खाणी मिटल्या, आणि १८ डिसेंबर २०१५ रोजीं यॉर्कशायरमधील केलिंग्ले ही ब्रिटनमधील शेवटची खोल खाणहि बंद झाली.

आतां या छोट्या इंजिनांविषयीं. तिकडे 'डबल ओ' नांवाचें माप रूढ आहे. खऱ्या वस्तूच्या एका फुटास प्रतिकृतींत चार मिलिमीटर. या हिशेबानें रुळांतील अंतर १८.८३ मिलिमीटर यावयास पाहिजे. पण तें असतें १६.५. कारण असें कीं, युरोपांतील लहान मापाचे रूळ आधीं रूढ झाले होते. त्याच मापानें ब्रिटिश इंजिनाची प्रतिकृति करावी तर ब्रिटिश इंजिन मुळांतच आंखूड, त्याच्या पोटांत त्या काळची मोटार मावेना. म्हणून इंजिन वाढविलें आणि रूळ तसेच ठेवले. व्याकरणांत ज्यास आपण आर्ष प्रयोग म्हणतों त्यांतलाच हा प्रकार. नियमास सोडून आहे, पण थोरांनीं केला म्हणून चालतो.

त्यांच्यापाशीं अशीं चौदा जुनीं इंजिनें होतीं; कांहीं तर चाळीस-पन्नास वर्षांचीं. बहुतेक मुकीं पडलेलीं. दुरुस्तीची विद्या त्यांना अवगत होती, परंतु हात राहिले नव्हते. कंप पावणारें ड्रिल वर्षानुवर्षें धरल्यानें बोटांतील रक्तवाहिन्या व ज्ञानतंतू बिघडतात. गारठा लागतांच बोटें पांढरीं पडतात आणि बधिर होतात. खाणींतील अनेकांना हा विकार जडला. तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू त्यांच्या चिमटींत राहत नसे. शिवाय हिवाळ्याच्या आंत तें घर सोडून ते वृद्धांसाठीं असलेल्या लहान बिऱ्हाडांत जाणार होते. टेबलांवरची खाण एका मंडळास द्यावयाची, आणि स्वतःपाशीं एकच इंजिन ठेवावयाचें असें ठरलें होतें. तत्पूर्वीं सर्व इंजिनें एकदां चाललेलीं पाहावीं, एवढी त्यांची इच्छा. तेव्हां बुद्धि त्यांची, हात आमचे, आणि डोळे नातवाचे, असा संसार सुरू झाला.

त्यांनीं शिकविलेली चिकित्सा थोडक्यांत देतों. घरांत विजेवर चालणारें जुनें खेळणें असेल त्यास ती उपयोगी पडेल. इंजिन चालेना कीं मोटार जळाली, असा निर्णय देणारा वैद्य भोंदू समजावा. बारा व्होल्टचा प्रवाह रुळांतून चाकांत आणि चाकांतून पातळ पत्र्याच्या पट्ट्यांवाटे मोटारींत जातो. बहुधा ही वाटच मळलेली असते. प्रथम रूळ व चाकें पुसावींत. मग त्या पट्ट्या चाकास टेकतात कीं नाहीं हें पाहावें. त्यानंतर मोटारीचा आंस ज्या तांब्याच्या कड्यावर प्रवाह घेतो तें कडें आयसोप्रोपिल अल्कोहोलनें स्वच्छ करावें, आणि त्याच्या खांचांत बसलेली काजळी लांकडी काडीनें हलकेच काढावी. कार्बनचे ब्रश झिजले असल्यास बदलावे. दांतेरी चाकांवरचें जुनें तेल लाखेसारखें घट्ट झालेलें असतें. तें सारें काढून सुईच्या टोकावर राहील एवढेंच नवें तेल द्यावें, कारण अधिक दिलेलें तेल मोटारींत शिरून नवा रोग उत्पन्न करतें. एवढ्यानेंहि गुण न आल्यास लोहचुंबक क्षीण झालें असें समजून नवें बसवावें. कांहीं जुन्या इंजिनांच्या चाकांची कड इतकी जाड असते कीं, नव्या बारीक रुळांवर तीं ठेंचकाळत चालतात. त्यांचीं चाकेंच बदलावीं लागलीं. दोन इंजिनांत तर सीडी वाजविण्याच्या मोडक्या यंत्रांतली मोटार काढून बसविली. ही युक्ति तिकडच्या छांदिष्ट लोकांत सर्वश्रुत आहे, आणि तीं दोन्ही इंजिनें लोण्यासारखीं चालूं लागलीं.

तेरा इंजिनें झालीं. चौदावें म्हणजे त्यांनीं स्वतः चालविलेल्या इंजिनाची प्रतिकृति. जुन्या खेळण्याच्या सहा चाकांवर प्लॅस्टिकच्या पत्र्याचा सांगाडा त्यांनीं हातानें रचला होता. "याचीं फक्त चाकें पुसा," असें सांगून ते औषध आणण्यास गेले. चाकें पुसून झालीं. वर पाहतों तों सारा सांगाडा धुळीनें व काजळीनें माखलेला. आमचा जन्म चिंचेनें लख्ख घासलेल्या भांड्यांच्या घरांत गेलेला. मनांत आलें, एवढें केलें तर हेंहि करूं, म्हातारा खूष होईल. हातांतलाच बोळा आम्हीं सांगाड्यावर फिरविला. काळा रंग भराभर निघाला, खालून हिरवा रंग चमकूं लागला, आणि आम्हांस कोण आनंद! एक बाजू पुरी झाली इतक्यांत ते परत आले.

त्यांनीं इंजिन उचललें. एक बाजू पाहिली, मग उलटून दुसरी पाहिली.

"ही बाजू अजून आहे," एवढेंच ते बोलले.

बऱ्याच वेळानें त्यांनीं नातवास सांगितलें आणि नातवानें आम्हांस, कीं तो मळ नव्हता. तो त्यांच्या पत्नीनें बारीक कुंचल्यानें रंगविलेला होता. त्या बाई सहा वर्षांपूर्वीं वारल्या.

त्या रात्रीं आम्हांस अन्न गोड लागलें नाहीं. कोणी मुद्दाम मळ रंगवितें ही गोष्टच आम्हांस उमजेना. सौभाग्यवतीस विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "त्यांत न उमजण्यासारखें काय आहे? बारा वर्षें जिनें त्यांचे कपडे धुतले, कोळसा कोठें कोठें बसतो हें तिच्याएवढें कोणास ठाऊक असणार?"

दुसऱ्या दिवशीं आम्ही क्षमा मागण्यास गेलों. ते म्हणाले, "क्षमा राहूं द्या, मास्तर. काढलें आहे तें परत लावा. पण आधीं कशासाठीं लावावयाचें तें पाहून या."

न्यूकॅसल ते ॲशिंग्टन ही उतारूंची गाडी १९६४ सालीं बंद झाली होती. ती १५ डिसेंबर २०२४ रोजीं पुनः सुरू झाली आहे. त्याच गाडीनें आम्ही तिघे गेलों. ॲशिंग्टनशेजारच्या वुडहॉर्न येथील खाण १९८१ सालीं बंद पडली; तिचे मनोरे राखून तेथें संग्रहालय केलें आहे. त्यांत खाणकामगारांनीं स्वतः काढलेलीं चित्रें आहेत. १९३४ सालीं ॲशिंग्टनच्या कांहीं कामगारांनीं चित्रकलेचा रसास्वाद शिकण्यासाठीं एक वर्ग काढला. त्यांच्या शिक्षकानें, रॉबर्ट लायन यानें, व्याख्यानें बाजूस ठेवून त्यांच्याच हातीं कुंचले दिले. ओणवीं माणसें, दिव्याचा अपुरा उजेड, न्हाणी, परसांतलीं कबुतरें. जें जगले तेंच त्यांनीं काढलें. आमचे शेजारी एकेका चित्रासमोर उभे राहून आम्हांस केवळ काळा रंग कोठें आहे तेवढें दाखवीत होते.

घरीं आल्यावर धडा सुरू झाला. "धूळ वरून पडते, पाऊस तिला खालीं ओढतो, आणि माणसाचा हात तिला पुसतो. चौथें कांहीं नाहीं," ते म्हणाले. कारणावांचून कार्य नाहीं, हेंच आम्ही चाळीस वर्षें मुलांस सांगत आलों होतों! बोनेटच्या पाठीवर कोळशाचा थर. कडांवरून खालीं उतरणारे पावसाचे ओघळ. डिझेल भरण्याच्या तोंडाशीं तेलाचा डाग. चाकांजवळ ब्रेकची तांबूस धूळ. परंतु दांडा, पायरी आणि दाराची मूठ मात्र हातापायांनीं घासून चकचकीत. चालकाच्या कांचेवर जेथें पुसणी फिरते तेवढें अर्धवर्तुळ स्वच्छ. खाणीच्या शेवटच्या दिवशीं उचलून आणलेला कोळशाचा एक खडा त्यांनीं जपून ठेवला होता. त्याचा कोपरा खलून आम्हांस चूर्ण करून दिलें. तें कुंचल्यानें लावून वर फिकें वॉर्निश देण्यास आम्हांस आठ दिवस लागले. दोनदां चुकलें, दोनदां धुतलें.

झालें तें असें कीं, आमच्या बाजूस खऱ्या ॲशिंग्टनचा कोळसा, आणि त्या बाईंच्या बाजूस नुसता रंग. तरी खरी दिसे ती त्यांचीच. नातवानें तर स्पष्टच सांगितलें, "आजोबा, तुमची बाजू जरा जास्तच मळकी झाली आहे." ते गृहस्थ हंसले. मग त्यांनीं इंजिनामागें वीस वाघिणी जोडल्या आणि बटण फिरविलें. किंचित् थरथरून तें चालूं लागलें. ते आपल्या नेहमींच्या खुर्चीवर बसले होते. तेथून पत्नीची बाजू दिसे. भिंतीकडच्या अंगास आम्ही उभे होतों. आम्हांस आमची बाजू दिसे. गाडी तशीच सावकाश फिरत राहिली, आणि बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं.

नोव्हेंबरांत त्यांचें पत्र आलें. नव्या बिऱ्हाडीं फडताळावर तें एकच इंजिन आहे, आणि दर रविवारीं तें उलटून ठेवतात, असें त्यांत होतें.

जीर्णोद्धार म्हणजे जुन्यास नवें करणें, असा अर्थ आम्हीं किती पिढ्यांस फळ्यावर लिहून दिला असेल! वाचकांनीं आम्हांस क्षमा करावी. आमच्या वडिलांची लिहिण्याची पेटी घरीं आहे. झांकणावर शाईचे डाग आणि कोपरीनें पडलेला खळगा आहे. इंग्लंडास जाण्यापूर्वीं ती तासून पॉलिश करण्यास आम्हीं सुतारास सांगून ठेवलें होतें. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यांत सुतार दारीं आला. त्यास रंधा पिशवींतच ठेवावयास सांगितलें, आणि फक्त मोडकी बिजागरी बदलून घेतली.