‘कोरी’ म्हणून डिस्क फेकू नका



सन 2000 नंतरच्या दहा-बारा वर्षांत आपल्या घरोघरी मंगल परिणय, नामकरण, जयंतीचे कार्यक्रम यांचे चित्रण सीडी-डीव्हीडीवर झाले. त्या डिस्क आज ट्रंकेत नाहीतर कपाटावर पडून आहेत. त्यांपैकी एखादी संगणकात घातली की ‘डिस्क कोरी आहे’ असा संदेश येतो. मुले म्हणतात, खराब झाली, टाकून द्या. तसे करण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या हेदवीत एका घरी हेच घडले. मुंबईच्या चाकरमान्या मुलाने 2007 साली भावाच्या लग्नात छोट्या डिस्कचा कॅमेरा आणला होता. हळदीच्या रात्री आईने म्हटलेली गाणी त्यात टिपली गेली. आई आता हयात नाही आणि तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. डिस्क लॅपटॉपला लावली, तर कोरी! वास्तविक गाणी डिस्कवर होतीच. डिस्क फक्त ‘फायनलाइज’ करायची राहिली होती.

फायनलाइज म्हणजे काय, हे आम्ही कारकून माणसे हिशेबाच्या भाषेत सांगतो. समजा, रोजकीर्दीत सगळ्या नोंदी केल्या, पण अनुक्रमणिका लिहिली नाही आणि अखेरची रेघ मारून वही बंद केली नाही. नोंदी खऱ्याच असतात, पण बाहेरून आलेल्या तपासनिसाला काही सापडत नाही. डिस्कचे तसेच आहे. आतल्या रंगद्रव्याच्या थरावर लेसर किरणाने खुणा उमटत जातात. शेवटी फायनलाइज केले की सुरुवातीच्या भागात अनुक्रमणिका आणि अखेरीस समाप्तीची खूण लिहिली जाते. संगणक आधी अनुक्रमणिका शोधतो. ती नसेल तर त्याच्या लेखी डिस्क कोरी! ज्या कॅमेऱ्याने चित्रण केले त्याला मात्र आपली अपुरी वही वाचता येते.

मग लोकांनी हे काम का केले नाही? त्या आठ सेंटिमीटरच्या डिस्कवर चांगल्या दर्जाचे चित्रण जेमतेम वीस मिनिटे मावे. एकदाच लिहिता येणारी ‘आर’ डिस्क फायनलाइज केली की तीवर पुढे काही घेता येत नाही. उरलेली जागा पुढच्या कार्याला होईल, असा काटकसरीचा विचार त्यामागे होता.

आता उपाय पाहू.

1. डिस्कची चकचकीत बाजू उजेडात तिरपी धरा. लेखन आतून बाहेर होत जाते. मधल्या भोकाभोवती वेगळ्या छटेचा पट्टा दिसला तर डिस्क कोरी नाही.

2. संगणकाने ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारल्यास नाही म्हणा. ‘आरडब्ल्यू’ डिस्क असेल तर होकार देताच जुने चित्रण हातचे जाईल.

3. मूळ कॅमेरा किंवा रेकॉर्डर चालू असेल तर त्यातच फायनलाइज करा. पुष्कळ कॅमेऱ्यांना त्यासाठी ॲडॉप्टर लावावा लागतो. काम चालू असता वीज जाऊ नये, कॅमेरा हलवू नये. मूळ कॅमेरा बिघडला असल्यास त्याच कंपनीचा, शक्यतो त्याच मॉडेलचा दुसरा शोधा. वर सांगितलेल्या घरी एका जुन्या शूटिंगवाल्याचा कॅमेरा उपयोगी पडला.

4. कॅमेरा मिळालाच नाही, तर ‘आयसोबस्टर’सारखा प्रोग्रॅम अशा डिस्कमधील मजकूर काढू शकतो. त्यासाठी डिस्क लिहिणारा ड्राइव्ह वापरावा. नुसत्या वाचणाऱ्या ड्राइव्हला अपुरी डिस्क बहुधा दिसतच नाही. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, तेव्हा यूएसबीने जोडायचा बाहेरचा घ्यावा.

संगणकावर भरलेल्या डिस्कचीही हीच गत होते. लिहिता लिहिता वीज गेली की ‘सेशन’ उघडे राहते आणि दुसरा संगणक ती डिस्क वाचत नाही. ज्या संगणकावर लिहिली त्यावरच सेशन बंद करून पाहावे.

डिस्क परत मिळाली की त्याच दिवशी दोन प्रती करा. एक घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, दुसरी मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडे द्या. रंगद्रव्याचा थर ऊन, उष्णता आणि दमट हवेने खराब होतो. आपल्या कोकणात पत्र्याखालचे माळे उन्हाळ्यात तापतात आणि पावसात भिंतींना ओल येते. अशा जागी डिस्क ठेवू नका.

हे कॅमेरे आता बाजारात नवे मिळत नाहीत. जुने आहेत तेही बंद पडत चालले आहेत. तेव्हा येत्या सुट्टीत घरातील डिस्क बाहेर काढा, प्रत्येकीवर साल व प्रसंग लिहा आणि ‘कोरी’ म्हणणाऱ्या वेगळ्या ठेवा. गावातील ज्या तरुणांना संगणक येतो त्यांनी शेजारच्या वडीलधाऱ्यांच्या डिस्कही तपासून द्याव्यात, ही नम्र विनंती.