उंबरठ्यावरचा शब्द : ऐतिहासिक अद्भुत कादंबरी आणि लेखकाची ग्वाही

कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या सुमारास लेखक तिच्याविषयी बरेच काही बोलत असतो. मलपृष्ठावरील मजकूर, प्रकाशन समारंभातील मनोगत, वृत्तपत्रीय मुलाखत, प्रकाशनपूर्व सवलतीची जाहिरात ही त्याची परिचित रूपे होत. या बोलण्याला आपल्या वाङ्मयाभ्यासात सहसा स्थान नसते. तो विक्रीव्यवहाराचा भाग, आणि आपला संबंध संहितेशी, अशी विभागणी आपण गृहीत धरलेली आहे. ही विभागणी एका कादंबरीप्रकाराच्या बाबतीत तरी टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो प्रकार म्हणजे ऐतिहासिक अद्भुत कादंबरी. ज्ञात इतिहासकाळाची चौकट घेऊन तीत दैवी शक्ती, अपूर्व शस्त्रे, लुप्त विद्या यांचा मुक्त संचार करू देणारी ही कादंबरी आज तरुण वाचकांत लोकप्रिय आहे. तिच्यातील किती खरे मानावे, याचा संकेत संहितेच्या आत क्वचितच मिळतो. तो मिळतो उंबरठ्यावर, लेखकाच्या निवेदनात. फ्रेंच समीक्षक जेरार झनेत यांनी १९८७ मध्ये अशा मजकुराचा स्वतंत्र ग्रंथात विचार केला आणि त्याला 'उंबरठे' हेच नाव दिले, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. लेखकाने स्वतःच्या कृतीचा प्रचार करणे ही आजच्या बाजारपेठेची निर्मिती नव्हे. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' (१८७१) 'विविधज्ञानविस्तार'मधून क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि त्या मासिकाचे संपादक गुंजीकरच होते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केले आणि 'उषःकाल'सारख्या आपल्या कादंबऱ्या त्यातूनच वाचकांपर्यंत नेल्या. पुढील अंकाची ओढ लावणे हा प्रचाराचाच एक प्रकार होता. अद्भुताचेही तसेच. हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) किंवा नाथमाधवांचे 'वीरधवल' (१९१३) यांनी मराठी वाचकाला अद्भुताची गोडी लावली. परंतु त्यांचा वाचक एका कल्पित प्रदेशात वावरत होता आणि आपण तेथे वावरत आहोत याची त्याला जाणीव होती. 'मोचनगडा'तही शिवकाल खरा, पण गड कल्पित. तेव्हा आक्षेप प्रचारावर नाही आणि अद्भुतावर तर नाहीच नाही. प्रश्न आहे तो या दोहोंच्या संयोगातून लेखक वाचकाला कोणती ग्वाही देतो, हा.

या दृष्टीने अमिश त्रिपाठी यांचे उदाहरण बोलके आहे. मुंबईत जन्मलेल्या आणि वित्तक्षेत्रात नोकरी केलेल्या या लेखकाची शिवकथेवरील पहिली इंग्रजी कादंबरी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. अनेक प्रकाशकांनी ती आधी नाकारली होती. तिच्या प्रसिद्धीसाठी पहिले प्रकरण वेगळे छापून पुस्तकांच्या दुकानांतून विनामूल्य वाटण्यात आले, चित्रपटाच्या धर्तीवर एक चित्रफीत तयार करून यूट्यूबवर ठेवण्यात आली. २०१३ मध्ये मालिकेतील तिसऱ्या कादंबरीसोबत गीतसंग्रहही आला. मराठीसह अनेक भारतीय भाषांत या कादंबऱ्यांचे अनुवाद झाले. ही कल्पकता कौतुकास्पद आहे. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती संपण्याची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या आपल्या ग्रंथव्यवहाराने तिच्यापासून शिकावे, असेही म्हणता येईल.

तथापि या प्रचारातील एका विधानाकडे आपले लक्ष जायला हवे. कथेचा काळ इ. स. पू. १९०० असा नेमका दिला जातो. आजचे लोक जिला सिंधू संस्कृती म्हणतात ते नाव चुकीचे असून त्या काळचे लोक आपल्या भूमीला 'मेलुहा' म्हणत, असेही वाचकाला सांगितले जाते. 'मेलुहा' हा शब्द लेखकाने निर्माण केलेला नाही. मेसोपोटेमियाच्या कीलाक्षरी लेखांत तो येतो, आणि तो सिंधू प्रदेशाचा वाचक असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे नाव परकीयांच्या लेखांतले. सिंधू लिपीचे सर्वमान्य वाचन अद्याप झालेले नसल्यामुळे तेथील लोक स्वतःला काय म्हणत, हे आपल्याला सांगता येत नाही. शिवाय इ. स. पू. १९०० हा पुरातत्त्वज्ञांच्या मते त्या नगरांच्या ऱ्हासाचा काळ. येथे कादंबरी सुरू होण्यापूर्वीच एक अनुमान निश्चित विधान झाले आहे, आणि तेही प्रचलित ज्ञानाला दुरुस्त करण्याच्या आविर्भावात. कादंबरीच्या आत हे विधान पात्राच्या तोंडी आले असते तर ते कल्पित म्हणून वाचले गेले असते. उंबरठ्यावर ते लेखकाच्या अधिकारवाणीने येते.

यातून एक दुहेरी सोय साधली जाते. विक्रीच्या वेळी कृती 'विस्मृत इतिहास' ठरते. कोणी पुरावा विचारला की ती 'केवळ कल्पना' ठरते. हा दोष एका लेखकाचा नव्हे. मराठीतील ऐतिहासिक कादंबरीच्या जाहिरातीतही ही भाषा आपल्या परिचयाची आहे. 'संशोधनपूर्ण' हे विशेषण आपण किती सहजपणे छापतो!

आपल्या परंपरेत या संदर्भात एक अधिक जबाबदार रीत होती. महिपतींचा 'भक्तविजय' (१७६२) चमत्कारांनी भरलेला आहे. परंतु आपल्या कथनाला नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांचा आधार आहे, हे महिपती वाचकाला सांगतात. आधुनिक अर्थाने ती चिकित्सा नव्हे, पण कथन कोठून आले याची नोंद आहे. चिखलीच्या वारकऱ्याला इंद्रायणीतून वर आलेल्या वह्यांची कथा आणि आपल्याच गावचे मल्हारपंत कुलकर्णी तुकोबांचे टाळकरी होते ही परंपरागत आठवण, दोन्ही प्रिय आहेत. एकीकडे तो भावाने पाहतो, दुसरीकडे गावाचा वारसा म्हणून. श्रद्धेला इतिहासाचा मुखवटा लावण्याची गरज त्याला भासत नाही.

हे विवेचन केवळ सैद्धांतिक नाही. चिखली १९९७ मध्ये महानगरपालिकेत आली. चिखली-चाकण पट्ट्यातील आमच्या वर्गांत कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुले असतात. त्यांतील अनेकांची कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांतून येथे आलेली असतात. या भूमीचा इतिहास त्यांना घरातून मिळत नाही. तो कादंबरी, चित्रपट आणि त्यांच्या जाहिराती यांतून मिळतो. चाकणचा संग्रामदुर्ग घ्या. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाच्या प्रचंड सैन्यासमोर तो सुमारे पावणेदोन महिने लढवला. उद्या कोणी या वेढ्यावर मंत्रसिद्ध तोफांची आणि भुयारातल्या यक्षांची कादंबरी लिहिली, तर तिचे स्वागतच करावे. पण तिच्या निमंत्रणपत्रिकेवर 'इतिहासकारांनी दडवलेले सत्य' असे छापले, तर त्या मुलाच्या मनात फिरंगोजीही यक्षाइतकाच खरा किंवा यक्षाइतकाच खोटा ठरेल. यात हानी शेवटी फिरंगोजीची होते.

प्रसिद्धीच्या मजकुराचे सामर्थ्य २०२५ मध्येही आपण पाहिले. शिवाजी सावंतांच्या 'छावा' (१९७९) या कादंबरीवर आधारलेल्या हिंदी चित्रपटाची झलक जानेवारीत आली आणि तीतील लेझीम खेळण्याच्या दृश्यावरून वाद झाला. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच ते दृश्य वगळण्याचे दिग्दर्शकांनी जाहीर केले. ही कृती अद्भुत प्रकारातील नव्हे. परंतु झलकीलाच लोक इतिहासाचे विधान मानतात, हे तिने दाखवून दिले. येथे उंबरठा ओलांडण्यापूर्वीच निवाडा झाला, आणि कादंबरी म्हणून 'छावा'ची चर्चा बाजूलाच राहिली. सैल ग्वाहीची किंमत अशी लेखकालाही मोजावी लागते. वाचक एकदा कादंबरीला इतिहास मानू लागला की तो तिच्याकडून इतिहासाचा हिशेब मागतो, आणि कल्पनेचे स्वातंत्र्य आक्रसत जाते.

यावर असा युक्तिवाद केला जाईल की लेखकाला संदर्भसूचीचे ओझे देणे म्हणजे त्याच्या प्रतिभेला बेडी घालणे होय. हा युक्तिवाद संहितेपुरता मान्य करायला हवा. कादंबरीच्या आत लेखकाने काय करावे हे सांगण्याचा अधिकार इतिहासकाराला नाही, समीक्षकालाही नाही. मात्र व्यासपीठावर किंवा मलपृष्ठावर लेखक पात्रामागे दडलेला नसतो. तेथे तो स्वतःच्या नावाने बोलतो. त्या शब्दाची जबाबदारी त्याने घ्यावी, एवढीच अपेक्षा आहे. पुस्तकाच्या शेवटी दोन पाने पुरतात : एवढे साधनांत आहे, एवढे अनुमान आहे, एवढे माझे आहे. अशा कबुलीने अद्भुताची खुमारी कमी होत नाही. उलट लेखकाची निर्मिती कोठे सुरू होते ते कळल्याने तिचे मोल वाढते.

आपल्याकडेही काही कर्तव्य येते. महाविद्यालयीन ग्रंथालयांत पुस्तक बांधणीला जाताना त्याचे वेष्टन बहुधा काढून टाकले जाते, आणि लेखकाने वाचकाला दिलेला पहिला शब्द त्याबरोबर रद्दीत जातो. ही वेष्टने, निमंत्रणपत्रिका आणि जाहिराती मराठी विभागांनी जतन कराव्यात. एम. ए.च्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्याने एखाद्या ऐतिहासिक अद्भुत कादंबरीचे प्रकाशनकाळातील निवेदन आणि तिची संहिता शेजारी ठेवून तपासावी. परीक्षण लिहिणाऱ्यानेही 'संशोधनपूर्ण' हा शब्द मलपृष्ठावरून उचलण्यापूर्वी संशोधन कोणते, एवढे विचारावे. हा प्रश्न वर्गात रुजला, तर नवी कादंबरी हाती घेणारा विद्यार्थी अद्भुताचा आनंद निःशंकपणे घेईल, आणि इतिहासासाठी साधनांकडे वळेल.