सोळा सेकंदांचं आवर्तन

“हे वाजवणं नव्हे, रवंथ आहे.” पेटीच्या दोन ओळी जुन्या डिजिटल डिलेत, म्हणजे वाजवलेलं धरून पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रात, अडकवून त्यांच्यावर तिसरी वाजवली, की सातारा-सांगलीकडच्या बैठकीत मला हे हमखास ऐकावं लागतं. म्हणणारे कानाचे पक्के असतात, म्हणूनच त्यांना उत्तर द्यायचं.

रवंथ करणं आपल्याला नवं कधी होतं? तबलजी हात तयार करतो तो लेहऱ्यावर, म्हणजे आवर्तनभराच्या एकाच ओळीवर. कीर्तनात मागचे टाळकरी तेच ध्रुपद धरून ठेवतात. तंबोऱ्याचं तर कामच ते: पंचम, जोड, खर्ज, की परत पंचम. आणि आक्षेप घेणारे स्वतः पहाटे रियाजाला मोबाइलमधला तंबोरा लावतात, तो तरी काय असतो? कुणीतरी एकदा छेडलेल्या तारा, मुद्रित करून गोल फिरवलेल्या. मी निदान फिरवतो ते त्याच बैठकीत, तुमच्या डोळ्यांदेखत, चुकांसकट वाजवलेलं असतं. मांडवात साउंडवाल्याला ‘जरा इको सोड’ म्हणताना तर कुणाचाच धर्म बुडत नाही. स्वस्त इको-बोर्डात सापडणारी पीटी 2399 ही चिपदेखील डिजिटल डिलेच आहे. फक्त तिची आठवण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी.

मग म्हणतात, विलायती खूळ. हे निदान पेटीवाल्याला सुनावू नये. 1940 पासून तीसेक वर्षं आकाशवाणीने पेटीला दार लावलं होतं, ते अशाच कारणांनी. पण इथे मिरजेचा एक धागाही निघतो. अमेरिकन संगीतकार टेरी रायली याने 1963 मध्ये पॅरिसला चेट बेकरचं ट्रम्पेट दोन टेपरेकॉर्डरांतून एकच फीत ओढत त्याच्या स्वतःवरच रचत नेलं. एका यंत्रावर मुद्रण, दुसऱ्यावर वाजणं, मधल्या फितीच्या लांबीएवढा उशीर. पुढच्या डिजिटल यंत्रांनी फितीच्या जागी मेमरी घातली, एवढंच. हाच रायली 1970 मध्ये पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ हे किराना घराण्याच्या अब्दुल वहीद खाँचे शागीर्द. आणि त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, 1937 साली तिथल्याच मीरासाहेब दर्ग्यात विसावले. लूप मिरजेत जन्मला असं मी म्हणत नाही. पण फीत गोल फिरवणारा माणूस शेवटी तंबोऱ्यापाशी येऊन बसला, हा मला नुसता योगायोग वाटत नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी निमूट मान्य करतो. आपली लय जिवंत असते. भजन रंगात आलं की पखवाज चढतो, टाळ चढतात. यंत्रातली ओळ तिथेच राहते. या जुन्या यंत्रांत अडकवलेल्या ओळीची लय बटण फिरवून वाढवली तर तिचा सूरही वर सरकतो, कारण मेमरी वाचण्याचा वेगच वाढलेला असतो. गिटारवाल्याला त्यात मौज वाटते. आपला षड्ज हलला तर बैठकच मोडते. म्हणून माझा नेम: ठेका कधी यंत्रात घालायचा नाही. तबला माणसाच्या हातातच राहू दे. यंत्राने सूर धरावा.

आता तरुण मंडळींकडे वळतो. त्यांचा सवाल वेगळा: हे सगळं मोबाइलवर फुकट होतं, मग हे भंगार का बाळगता? बाळगतो ते त्याच्या अपुरेपणासाठी. 1983 च्या बॉस डीडी-2 या डिलेमध्ये फार तर 800 मिलिसेकंद मावतात. मिनिटाला 75 मात्रांची लय धरली तर बरोबर एक मात्रा! त्याच सुमाराचं इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं यंत्र सोळा सेकंदांचं. सेकंदाला एक मात्रा धरा, त्रितालाचं अख्खं आवर्तन बसतं. विलंबित एकतालाचं बसत नाही, आणि वेळ जितका ताणाल तितके वरचे स्वर बोथट होतात. त्यामुळे काय घालायचं ते आधी ठरवावं लागतं. सम चुकली तर चूक प्रत्येक फेरीला समोर येते.

शिवाय हे यंत्र विसरतं. परतफेड, म्हणजे फीडबॅक, नव्वद टक्क्यांवर ठेवली तर दहाव्या फेरीला मूळ आवाजाचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो, विसाव्याला आठवा. मी वरून नवं घालत राहिलो तरच ते भरलेलं राहतं. मिरजेचा तंबोरा ऐका. पंचमाची आस विरायच्या आत जोड येते, जोडीवर खर्ज; विरणं आणि भरणं एकाच वेळी चालू असतं. ॲपमधला लूप हजाराव्या फेरीलाही पहिल्याइतकाच ताजा असतो. मला तो शिळा लागतो तो त्यामुळेच. आणि कालची मैफल आज पुन्हा काढता येत नाही, कारण या यंत्रांत साठवण नाही. लाइट गेली की आवर्तन गेलं.

लाइटीचा विषय निघालाच आहे, तर शेवटचा आक्षेप घरातला: जपानी बाजारासाठीची जुनी रॅकवाली यंत्रं 100 व्होल्टची, आपली वीज 230 ची, एक दिवस घर पेटवाल. यावर माझ्याकडे युक्तिवाद नाही. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आहे. पेटीपेक्षा थोडा जड.