माशाचा वेग कोणी मोजला?

सामान्यज्ञानाचे कोणतेही पुस्तक उघडा. 'जगातील सर्वांत वेगवान मासा कोणता?' हा प्रश्न त्यात बहुधा सापडेलच. उत्तर ठरलेले असते : सेलफिश, वेग ताशी ११० किलोमीटर. पाठीवर शिडासारखा उंच पर आणि पुढे भाल्यासारखे लांब तोंड असलेला हा मासा आपल्या अरबी समुद्रातही आहे. आपण जामनेरकर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहतो. आपल्या कांग नदीचे पाणी वाघूर आणि तापीच्या वाटेने सुरतेपाशी समुद्राला मिळते, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. त्यामुळे असा आकडा पुस्तकात छापलेला दिसला की आपण तो मुकाट्याने पाठ करतो. माझे म्हणणे असे आहे की हा आकडा खोटा आहे आणि परीक्षांतून व प्रश्नमंजूषांतून तो काढून टाकावा. मात्र हे म्हणणेही तुम्ही केवळ मी सांगतो म्हणून मानू नये. आकडा आला कोठून, ते आधी पाहू.

तो आला गळाच्या रिळावरून. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला बेटांची एक माळ आहे. त्यांपैकी लाँग की या बेटावर मासेमारीच्या शौकिनांची एक छावणी होती. १९३५ च्या चक्रीवादळात ती नष्ट झाली. तेथे गळाला लागलेल्या एका सेलफिशने ३ सेकंदांत १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर दोरी रिळावरून ओढून नेली, अशी नोंद सांगितली जाते. ९१ ला ३ ने भागा. सेकंदाला साधारण ३०.५ मीटर, म्हणजेच ताशी ११० किलोमीटर. सगळ्या पुस्तकांचा आधार हा एवढाच.

या शौकिनांची एक शाखा तर मोठी गमतीची आहे. खोल समुद्रात जाऊन सेलफिश, कुपा, मार्लिन असे मोठे व चपळ मासे ते 'फ्लाय'ने पकडतात. फ्लाय म्हणजे पिसे व धागे गळाला गुंडाळून केलेले हलके आमिष. गोफणीतला दगड लांब जातो, कारण त्याला वजन असते. पिसाला वजन कोठले? ते कितीही जोराने फेका, हातभर अंतरावर पडेल. म्हणून येथे आमिष न फेकता दोरी फेकतात. दोरीच जाड आणि जड असते. मोठ्या माशांसाठी वापरतात त्या १२ नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट सुमारे २५ ग्रॅम भरतात. काठी मागे-पुढे झुलवून एकदम थांबवली की दोरीचा एक वेढा तयार होतो. वेढ्याखालचा भाग जवळजवळ स्थिर असतो आणि वरचा पुढे धावत असतो. वेढा जसजसा पुढे सरकतो तसतसा धावणारा भाग आखूड होत जातो. गतिज ऊर्जा तीच, पण वस्तुमान कमी, म्हणून वेग वाढतो. हवेचा अडथळा सोडून दिला तर धावणारे वस्तुमान चौथाई उरेल तेव्हा वेग दुप्पट झालेला असेल. (संवेग मात्र येथे अक्षय्य राहत नाही, कारण दोरीचे दुसरे टोक काठीने धरून ठेवले आहे. अकरावीच्या विद्यार्थ्यांनी यावर थोडा विचार करावा.) गाडीवानाचा आसूड 'फट्' असा वाजतो त्याचे कारणही हेच आहे. आसुडाचे टोक क्षणभर ध्वनीच्या वेगापलीकडे जाते. फ्लायची दोरी तेवढी पळत नाही, पण जातकुळी एकच.

सेलफिशला या खेळात प्रथम चिडवावे लागते. बिनगळाचे आमिष नावेमागून ओढत न्यायचे, मासा त्यावर तुटून पडू लागला की ते झटकन काढून घ्यायचे आणि त्याच जागी फ्लाय टाकायची. १९६० च्या दशकाच्या आरंभी फ्लोरिडातील वेबस्टर रॉबिन्सन या डॉक्टरांनी ही रीत रूढ केली. फ्लाय टाकताना नावेचे यंत्र गतीत असता कामा नये, असा विक्रमांचा नियम आहे. मासा लागला की तो पळतो. फ्लायच्या बहुतेक रिळांत मूठ थेट चक्रालाच बसवलेली असते. चक्र फिरले की मूठही त्याच वेगाने फिरते आणि मध्ये आलेली बोटे सोलवटून काढते. संक्रांतीला वाऱ्यावर चढलेला पतंग मांजा ओढू लागल्यावर फिरकी हातात कशी भणभणते, ते खानदेशातल्या मुलांना वेगळे सांगायला नको.

आता भौतिकीच्या चष्म्यातून त्या ३ सेकंदांकडे पाहू. रिळावरून सुटलेली दोरी म्हणजे माशाने कापलेले अंतर, असे गृहीत धरले आहे. पण मोटारीच्या नावेने आमिष ओढत चालले असता मासा उलट दिशेने पळाला, तर दोरी सुटते ती दोघांच्या वेगांच्या बेरजेने. नाव ताशी १२ किलोमीटरने चालली असेल तर तेवढे माशाच्या खात्यावर फुकट जमा होतात. दुसरी गोष्ट चक्राच्या जडत्वाची. माशाने हिसका दिला की चक्र वेग घेते. मासा हळू झाला तरी ते लगेच हळू होत नाही आणि दोरी सैल पडून गुंत्यात बाहेर येते. घरी शिवणाच्या दोऱ्याचे भरलेले रीळ खिळ्यावर सैल बसवा, दोरा जोराने ओढून एकदम थांबा आणि काय होते ते पाहा. वेळेचा घोळ तर त्याहून मोठा आहे. मासा केव्हा सुटला आणि शंभरावा यार्ड केव्हा गेला, हे हलत्या नावेवर कोणीतरी डोळ्यांनी पाहिले आणि घड्याळाची कळ दाबली. दोन्ही वेळा मिळून अर्ध्या सेकंदाची चूक सहज होईल. ३ ऐवजी ३.५ सेकंद धरले तर ताशी ११० चे ९४ होतात. तुमच्या वर्गात दहा जणांना एकच ३ सेकंदांची घटना मोजायला सांगा. उत्तरे एकमेकांशी जुळणार नाहीत.

रिळाचे गणित आणखी एका बाजूने करू. १० सेंटिमीटर व्यासाच्या चक्राचा परीघ सुमारे ३१ सेंटिमीटर. सेकंदाला ३०.५ मीटर दोरी सुटायची तर चक्राला सेकंदाला सुमारे ९७ फेरे घ्यावे लागतील. घरातला छताचा पंखा सेकंदाला पाच-सहा फेरे घेतो. शिवाय दोरी सुटत जाते तशी चक्रावरच्या वेढ्यांची त्रिज्या कमी होते. ती निम्मी झाली की त्याच वेगासाठी दुप्पट फेरे हवेत. गतिरोधकाचे परिबल मात्र तेवढेच राहिल्याने दोरीवरचा ताणही दुप्पट होतो. फ्लायच्या विक्रमांत दोरीच्या टोकाचा सर्वांत कच्चा तुकडा जास्तीत जास्त २० पौंडांच्या वर्गाचा चालतो, म्हणजे नऊ-दहा किलो वजनाला तो तुटणार. तेव्हा शहाणा मच्छीमार रोधक सैल करतो, आणि चक्र आणखीच स्वैर होते. अशा चक्रावरून वेग मोजणे म्हणजे घसरणाऱ्या चाकावरून सायकलचा वेग मोजण्यासारखे आहे.

हे झाले मोजण्याच्या साधनाविषयी. माशाच्या शरीराला तरी तो वेग झेपेल का? पाण्याचा अवरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ताशी ३० ऐवजी ११० किलोमीटर जायचे तर वेग ३.६७ पट आणि शक्ती सुमारे ४९ पट लागेल. एवढे स्नायू माशाने ठेवायचे कोठे?

अडचण एवढ्यावर संपत नाही. पाणी वेगाने वळसा घेते तेथे त्याचा दाब घटतो. सेकंदाला १४ मीटर वेगाला अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग हे मूल्य सुमारे एका वातावरणाच्या दाबाइतके होते. म्हणजे पृष्ठभागाजवळ शेपटीच्या आसपास दाब इतका उतरू शकतो की पाणी थंड असूनही त्याचे बुडबुडे होतात. ते फुटताना बसणारे धक्के जहाजाच्या पंख्याचे पोलाद खातात, मग शेपटीची काय कथा! इस्राएलमधील इओसिलेव्स्की व वाइस या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हे गणित मांडले. पृष्ठभागाजवळ पोहणाऱ्या प्राण्यांना सेकंदाला १० ते १५ मीटरच्या आसपास ही मर्यादा आडवी येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुस्तकातला सेलफिश त्याच्या दुपटीने पळतो.

प्रत्यक्ष मोजणीचा मार्गही निघाला आहे. मासा शेपटी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारतो. एका पूर्ण फटकाऱ्यासाठी स्नायूंची दोन आकुंचने लागतात. स्नायूला विजेचा हलका झटका देऊन तो किती वेळात आखडतो ते मोजले, की सेकंदाला जास्तीत जास्त किती फटकारे शक्य आहेत ते कळते. त्याला एका फटकाऱ्यात कापल्या जाणाऱ्या अंतराने गुणावे. समजा, मासा २ मीटर लांब आहे, एका फटकाऱ्यात लांबीच्या ०.७ पट पुढे जातो आणि त्याचा स्नायू ०.१ सेकंदात आखडतो. मग वेग येतो सेकंदाला ७ मीटर. त्याच माशाला ताशी ११० किलोमीटर जायचे असेल तर स्नायू ०.०२३ सेकंदात आखडायला हवा. हे माझे उदाहरण झाले. २०१६ मध्ये स्वेंडसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या सेलफिशवर ही मोजणी प्रसिद्ध केली. कमाल वेग आला सेकंदाला सुमारे ८.३ मीटर, म्हणजे ताशी ३० किलोमीटर. त्यात चूक धरायची ती सेकंदाला सव्वा-दीड मीटरच्या आसपास. त्याच्या आदल्या वर्षी माशाला त्वरणमापक बांधून आणि जलद चित्रण करून दुसऱ्या गटाने शिकारीच्या वेळचे वेग मोजले होते. तेही याच पट्ट्यात बसतात. सेलफिशची खरी करामत वेगळीच आहे. तो सार्डिन माशांच्या थव्यात आपले लांब तोंड हळूच घालतो आणि मग ते इतक्या झटक्याने फिरवतो की सार्डिनला सुटायला वेळच मिळत नाही. २०१४ च्या एका अभ्यासात त्या टोकाचे त्वरण जलचर पृष्ठवंशी प्राण्यांत नोंदलेल्या सर्वांत मोठ्या त्वरणांपैकी असल्याचे दिसले. मला तर ही माहिती त्या ११० पेक्षा कितीतरी अधिक रोमांचक वाटते.

या नव्या मोजण्याही अंतिम नव्हेत. थोडेच मासे तपासले आहेत, आणि पकडून आणलेल्या माशाचा स्नायू समुद्रातल्यासारखाच वागेल असे नाही. उद्या कोणी ताशी ४० सिद्ध केले तर मला नवल वाटणार नाही. शिवाय रिळाने मोजलेला प्रत्येक आकडा टाकाऊ असेही मी म्हणत नाही. १९६४ मध्ये वॉल्टर्स व फिअर्स्टाइन यांनी रिळालाच मोजणीची व्यवस्था जोडून पिवळ्या पराच्या कुप्याचा वेग ताशी सुमारे ७५ आणि आपल्या सुरमईच्या कुळातल्या वाहूचा सुमारे ७७ किलोमीटर नोंदवला. पद्धत उघडपणे लिहिलेली असल्याने आज आपण तिच्याशी वाद घालू शकतो. लाँग कीच्या माशाशी वाद तरी कसा घालणार?

शौकिनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना १९३९ ची. ती माशाच्या वजनाचा विक्रम मानायला प्रमाणित तराजू मागते, फ्लायसह दोरीच्या टोकाचा नमुना मागते आणि तो तपासते. एवढा काटेकोर खेळ! आणि त्याच खेळातून निघालेला वेगाचा आकडा आपण शिक्षक मंडळी एकही पुरावा न मागता मुलांना देतो. कोणी दिला, कसा मोजला, चूक किती, यांपैकी काहीच विचारत नाही.

यातून होणारे नुकसान लहान नाही. काही वर्षांपूर्वी एका प्रश्नमंजूषेला मी श्रोता म्हणून बसलो होतो. नववीतल्या एका मुलीने या प्रश्नाला 'ताशी तीसच्या आसपास, ११० हा जुना अंदाज आहे' असे उत्तर दिले. परीक्षकांनी हातातला कागद पाहिला आणि 'चूक' म्हटले. मुलीने 'सर, कारण सांगू का?' असे विचारले. वेळ नाही, असे उत्तर आले आणि तिच्या शाळेचा क्रमांक त्या एका गुणाने गेला. काही शिक्षकमित्र म्हणतात, परीक्षेला एकच उत्तर लागते, आम्ही काय करावे? माझे उत्तर सोपे आहे. ज्याचे एक उत्तर नाही तो प्रश्न विचारू नये, किंवा वेगळा विचारावा. 'एका माशाने ३ सेकंदांत ९१ मीटर दोरी ओढली. त्याचा वेग किती? नाव ताशी १२ किलोमीटरने उलट दिशेला चालली असेल तर किती? वेळेत अर्ध्या सेकंदाची चूक असेल तर?' हा प्रश्न नववीच्या मुलाला सुटतो, आणि गुण देणेही अवघड नाही.

काळ्या मार्लिनच्या नावावर ताशी १३२ किलोमीटर लिहिलेले काही याद्यांत आढळते. वाचकांनी या आकड्याचे मूळ शोधून पाहावे. सुरुवात रिळापासून करावी, असे मी सुचवीन.