साडेबाराची न्याहारी

दुबईतील परदेशस्थांचा जो सामुदायिक खाद्यविधी 'ब्रंच' या नावाने ओळखला जातो, त्याला न्याहारी म्हणणे हाच मुळात पहिला विनोद होय. हा विधी दुपारी साडेबारा-एकला सुरू होतो आणि चारच्या सुमारास आटोपतो. पूर्वी त्याचा वार शुक्रवार होता. जानेवारी २०२२ मध्ये अमिरातींनी साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारवर नेली, तेव्हा बहुतेक हॉटेलांनी ब्रंचही शनिवारी हलवला. शब्द मात्र जुना आहे. गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ मध्ये एका निबंधात ब्रंचची तरफदारी केली, ती रविवारी उशिरा उठणाऱ्यांसाठी. बेरिंजरची न्याहारी आळसाची होती. दुबईतली ऐपतीची आहे.

पंचतारांकित हॉटेलात माणशी चारशे-पाचशे दिऱ्हाम सहज लागतात. त्यातही पायऱ्या असतात: सरबतवाल्यांचा दर निराळा, मद्यवाल्यांचा निराळा, शॅम्पेनवाल्यांचा सर्वांत वरचा. ताटात काय पडते? थोडी सुशी, थोडे चीज, भाजलेल्या मांसाचा तुकडा आणि कोपऱ्यात बिर्याणी. करामा किंवा बर दुबईच्या साध्या खानावळीत हीच बिर्याणी या रकमेच्या किरकोळ अंशात मिळते, आणि बहुधा अधिक चवदार. तेव्हा ही किंमत अन्नाची नाही, हे उघड आहे. मग कशाची?

यावर ठरलेले उत्तर येते: पैसा स्वकष्टाचा आहे, तुमच्या पोटात का दुखते? चैनीशी आमचे भांडण नाही. परदेशस्थाचे एकटेपणही आम्ही नाकारत नाही. ज्याचा निवास नोकरीच्या व्हिसाला बांधलेला आहे, नागरिकत्व ज्याला अपवादानेच मिळेल, त्याने आठवड्यातून एकदा चार ओळखीचे चेहरे शोधले तर त्यात गैर काय? परंतु एकटेपणावर कोणाच्या तरी घरी जमून केलेले पोहेही पुरतात. पाचशे दिऱ्हामांचे तिकीट माणसे जोडण्यापेक्षा निवडण्याच्या कामी येते. त्या दारातून कोण आत येणार नाही, याची हमी त्या किमतीत असते.

हा न येणारा कोण? अमिरातींत खाजगी क्षेत्रातील परदेशी कामगाराला कायद्याने ठरलेले किमान वेतन नाही. बांधकामावरील अनेक मजुरांचा महिन्याचा मूळ पगार हजार दिऱ्हामच्या आसपास असतो. म्हणजे दोघांच्या एका ब्रंचमध्ये एका मजुराचा महिना संपतो. आणि साडेबाराची ही वेळ त्याच्याही परिचयाची आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हातले काम करवून घेण्यास तेथे कायद्याने मनाई आहे. एकाच घटकेला एकाची न्याहारी सुरू होते आणि दुसऱ्याला सावली मिळते. दोघेही विमानाने आलेले, दोघेही उद्या परत धाडले जाऊ शकणारे. तरी एक 'एक्स्पॅट' आणि दुसरा 'लेबर'.

येथे आम्हां मराठी शिकवणाऱ्यांचा संबंध येतो. इंग्रजीने केलेली ही विभागणी आपण निमूटपणे उचलली. पुण्याहून दुबईला गेलेला अभियंता आपल्याकडे 'अनिवासी भारतीय' होतो. रत्नागिरीहून गेलेला वेल्डर नुसता 'आखातात' असतो. आणि आपल्या दारी मजुरीला आलेला माणूस तर थेट 'परप्रांतीय'. पहिल्याच्या स्मरणरंजनाला आपण साहित्य म्हणतो, संमेलनात त्यावर परिसंवाद ठेवतो. दुसऱ्याच्या चाळीस वर्षांच्या मनीऑर्डरी, बाणकोटपासून राजापूरपर्यंत त्यांतून उभी राहिलेली घरे, यांवर आपल्या अभ्यासक्रमात किती पाने आहेत, हे प्रत्येक प्राध्यापकाने स्वतःच मोजावे.

दुबईच्या मुहैसना भागातील मजूरवस्तीला लोक 'सोनापूर' म्हणतात. हिंदीत ते सोन्याचे गाव. जुन्या मुंबईकराला मात्र त्या नावाने स्मशानच आठवते. ज्या भाषेला हा श्लेष ऐकू येतो, तिने तरी परदेशवासाचे वर्णन बुफेच्या टेबलावरून करू नये. ब्रंच ज्यांना परवडतो त्यांनी तो खुशाल खावा. पण त्या टेबलाभोवती बसलेल्यांनाच 'परदेशातला मराठी माणूस' म्हणणे आपण आता थांबवले पाहिजे.