क्षमेला वेळ लागतो

नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत बसलो की मला हमखास रेव्हरंड टिळकांची आठवण होते. १८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधात याच वाटेने निघाले होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. गप्पा रंगल्या. निरोप घेताना वॉर्डसाहेबांनी त्यांच्या हाती बायबल ठेवले आणि ‘दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल’ असे भाकीतही करून टाकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. भाकीत खरे ठरले. त्याची किंमत मात्र लक्ष्मीबाईंनी मोजली.

सव्वीस वर्षांची बाई, पदरी लहानगा दत्तू. नवरा वारला तर निदान चार माणसे रडायला येतात. पण नवरा ‘बाटला’ तर काय करायचे? कपाळी कुंकू आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे, आणि नवऱ्याच्या हातचे पाणी तेवढे चालत नाही! सवाष्ण म्हणावे की विधवा, हे सांगायला शास्त्रही पुढे येईना. चार-पाच वर्षे बाईंनी नवऱ्यावाचून काढली. त्यातला काही काळ पंढरपुरात गेला.

पुढे त्या नगरला टिळकांकडे आल्या, पण आल्या त्या आपले सोवळे घेऊन. चूल आपली, पाणी आपले. टिळकांनीही बळजबरी केली नाही. मला या गोष्टीचे फार मोल वाटते. राहुरीला असताना एके दिवशी बाईंच्या मनात आले की जातिभेद माणसांनी केलेले आहेत, देवाने नव्हेत. तिथे सोवळे सुटले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताने शिकवलेल्या प्रार्थनेत आपल्या अपराधांची क्षमा मागताना दुसऱ्यांना क्षमा करण्याचीही गोष्ट आहे. ती प्रार्थना आता नवराबायको एका घरात म्हणू लागले.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. तेव्हा बाई पन्नाशीच्या होत्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी टिळकांचे अर्धवट राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले आणि पुढचे कितीतरी अध्याय रचले. नंतर ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्यांत नवऱ्याचा विक्षिप्तपणा, विसरभोळेपणा, न सांगता घर सोडून जाणे, सारे काही आहे. काही झाकलेले नाही, आणि तरी वाचताना हसू येते. ज्याला मनापासून क्षमा केली त्याच्याविषयीच असे लिहिता येते.

आमच्या सक्करदऱ्यात शेजारी एक काकू राहतात. त्यांचा तरुण मुलगा ट्रकखाली सापडून गेला. त्यांचे मन रमावे म्हणून मी त्यांना ‘स्मृतिचित्रे’ वाचायला दिले. चार दिवसांनी त्यांनी पुस्तक परत आणले आणि म्हणाल्या, “सर, पुस्तक छान आहे हो. पण तिचा नवरा तिला परत मिळाला. ज्याचे माणूस परत यायचेच नाही, त्याने कुणाला आणि कशी क्षमा करायची?”

प्रश्न बिनतोड होता. मी त्यांना ग्लॅडिस स्टेन्सबाईंची हकीकत सांगितली. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावी जमावाने त्यांचे पती ग्रॅहॅम आणि फिलिप व टिमथी ही दोन लहान मुले जीपमध्ये झोपलेली असताना जाळून मारली. बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले. खटला चालला, शिक्षाही झाली. क्षमेने कायद्याचे काम थांबले नाही. आणि बाई लगेच ऑस्ट्रेलियाला परतल्या नाहीत. मुलीला घेऊन त्या बारिपद्यालाच राहिल्या, नवऱ्याने चालवलेले कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम त्यांनी पुढे काही वर्षे चालू ठेवले. गेलेले कुणी परत आले नाही. पण द्वेषात घालवायचे आयुष्य त्यांनी रोग्यांना दिले.

काकू काही बोलल्या नाहीत. मीही उपदेश केला नाही. ज्याचे जळते त्याला बाहेरच्याने ‘क्षमा कर’ म्हणणे सोपे असते, आणि ते बरे दिसत नाही. लक्ष्मीबाईंना पाच वर्षे लागली. कुणाला पंचवीस लागतील.

महिन्याभराने काकू फाटकाशी थांबल्या. आजवर ज्याचा उल्लेख ‘तो मेला’ असाच व्हायचा, त्या ड्रायव्हरविषयी हळूच म्हणाल्या, “त्यालाही मुलेबाळे असतील नाही हो?”

एवढेच. ही क्षमा आहे असे मी म्हणणार नाही. पण तिची सुरुवात अशीच कुठेतरी होत असावी. श्रद्धा ख्रिस्ताची असो की विठ्ठलाची, आपल्याला दुखावणारा माणूसही कुणाचा तरी कुणी आहे, हे ती दाखवून देते. वाचकहो, यंदा फराळाची ताटे भरताना एखादे घर मुद्दाम वगळलेले असेल, तर त्या घराची आठवण तेवढी काढा. ताट न्यायचे की नाही, ते सावकाश ठरवा.