पलटणीची फायनल आणि आपला गुडघा

संध्याकाळी कराड, पलूस, तासगाव, वाई, कुठंही बघा. शाळेमागच्या मैदानावर फोकस लावून कबड्डीचा सराव चाललेला असतो आणि त्यातली निम्मी पोरं कॉलेजची. आज बोलायचंय त्यांच्याशी, पुणेरी पलटणबद्दल.

2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली. पहिल्या दोन मोसमांत पलटण तळाला होती. (त्या दुसऱ्या मोसमात चढाईचे सर्वाधिक गुण घेणारा काशिलिंग आडके आपल्या कासेगावचा, पण खेळत होता दिल्लीकडून!) मग 2022 च्या डिसेंबरात पहिली फायनल, मुंबईत. जयपूरनं 33-29 नं हरवलं. फायनल हरली की आपल्याकडं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी कोच काढा, मग पोरं बदला. पलटणीनं कोच बी. सी. रमेश ठेवले, अस्लम इनामदार, पंकज मोहिते, मोहित गोयत, आकाश शिंदे ही तरुण पोरंही ठेवली आणि अस्लमला कॅप्टन केलं.

मोठा खर्च केला तो एका बचावपटूवर. इराणच्या मोहम्मदरझा शादलुईला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. गंमत बघा, 7 ऑक्टोबर 2023 ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये भारत-इराण फायनल झाली, त्यात अस्लम आणि शादलुई समोरासमोरच्या संघांत होते. दोनच दिवसांनी लिलाव सुरू झाला आणि दोघं एका जर्सीत आले. त्या मोसमात पलटणीनं 22 पैकी 17 सामने जिंकले, दोनच हरले. 96 गुण, टेबलात पहिला नंबर. सेमीफायनलला पाटण्याला 37-21 नं लोळवलं.

पण 1 मार्च 2024 ची हैदराबादची फायनल तशी सोपी नव्हती. हरियाणासमोर एकेका गुणासाठी झगडा होता. मध्यंतराच्या तोंडावर पंकज मोहितेनं एकाच चढाईत चार गडी टिपले आणि तिथं सामना वळला. निकाल 28-25. वीस-बावीसच्या वयात एकत्र हरलेली पोरंच एकत्र जिंकली, मला तेच जास्त आवडलं.

पुढच्या मोसमात अस्लमचा गुडघा दुखावला, त्याला बाहेर बसावं लागलं. गतविजेती पलटण प्लेऑफलाही पोचली नाही. फायनल झाली ती नेमकी बालेवाडीत, पलटणीच्या घरी, आणि खेळले हरियाणा-पाटणा. 2025 ला परत फायनल गाठली, दिल्लीकडून तीन गुणांनी हरले.

अस्लमच्या गुडघ्याला डॉक्टर होते, फिजिओ होता, वेळ होता. तुमच्या गुडघ्याला काय आहे? हळदीचा लेप, क्रेप बँडेज आणि "चालतंय रे, उतर मैदानात" म्हणणारा कुणीतरी. सातारा-सांगलीच्या मातीत चढाया करणारी किती पोरं लिगामेंट गेल्यावर घरी शेतावर परतली, याची कुणी वही ठेवलेली नाही. घरच्यांना एमआरआयचा खर्च सांगायची लाज वाटते म्हणून दुखणं लपवणारेही कमी नाहीत.

ॲडमिशनच्या पावतीवर जिमखाना फी म्हणून एक ओळ असते, ती काढून बघा. आणि यंदाच्या झोनल मॅचेसआधी पाच-सहा जण मिळून क्रीडा संचालक सरांच्या केबिनमध्ये जा. आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओ मिळेल का, मॅट कधी येणार आणि मैदानात दुखापत झाली तर खर्च कोण करणार, एवढं विचारा. उत्तर लेखी मागा.